माशाचं नाक, माशाची जीभ आणि आपलं आमिष: सोलापूर भागातल्या उजनी धरणावर आणि हिप्परगा तलावावर गळ टाकणाऱ्यांसाठी

गळ टाकणाऱ्यांमधे आमिषावरनं जेवढे वाद होतात तेवढे राजकारणावरनं पण होत नसतील. कोण म्हणतो हिंग घाल, कोण म्हणतो व्हॅनिला एसेन्स, कोण पिठात देशी दारू मळतो, आणि प्रत्येकाचा पुरावा एकच, परवा मला मिळाला की ओ. मिळाला असेल, नाही कशाला म्हणू, पण आमिषाने मिळाला का जागेने मिळाला का त्या दिवशी मासा उपाशीच होता हे कोण सांगणार. म्हणून इथं उलट्या बाजूनं सुरुवात करतो, आधी माशाचं नाक आणि जीभ कशी चालते ते बघू आणि मग त्या हिशोबानं पीठ मळू. सगळ्या लेखाचं सूत्र एवढंच धरा की आपण आमिष हुंगतो हवेत आणि मासा हुंगतो पाण्यात. आपल्या नाकाला जे झोंबतं ते पाण्यात उतरतंच असं नाही, आणि जे पाण्यात छान उतरतं त्याचा आपल्याला कधी कधी वासच येत नाही.

पहिलं काम: बाजारातल्या माशाचं नाक बघा

पुढच्या वेळी रोहू नाहीतर कटला घरी आणला की डोकं लगेच कालवणात टाकू नका. डोळ्याच्या पुढं दोन्ही बाजूला बारीक भोकं दिसतील, नीट बघितलं तर एका बाजूला दोन-दोन आहेत, मधे कातडीची पट्टी. पुढच्या भोकातनं पाणी आत जातं, मागच्यातनं बाहेर येतं. पुढच्या भोकात काडी हळूच घाला, ती तोंडात निघणार नाही. म्हणजे माशाचं नाक श्वासासाठी नाहीच, श्वास कल्ल्यांनी, नाक फक्त वासाला. आत कातडीच्या बारीक घड्या फुलासारख्या रचलेल्या असतात आणि त्यांच्यावरनं पाणी सरकताना त्यात विरघळलेलं काय काय आहे ते कळतं.

आणि कळतं म्हणजे किती बारीक कळतं तर अमिनो आम्लं, म्हणजे प्रोटीन तुटून जे सुटे तुकडे होतात ते, लिटरमधे एक मायक्रोग्रॅमच्या आसपास असली तरी बऱ्याच माशांच्या नाकाला पत्ता लागतो. एक मायक्रोग्रॅम म्हणजे ग्रॅमचा दहा लाखावा भाग. त्यामुळं 'वास कमी पडला असेल, अजून एसेन्स ओत' हा जो आपला आवडता इलाज आहे तो बहुतेक वेळा फुकट असतो. वास कमी नसतो, चुकीचा असतो.

सामन माशावर अमेरिकेत विस्कॉन्सिनला आर्थर हॅस्लर नावाच्या शास्त्रज्ञानं १९५० च्या दशकापासून काम केलं, त्यातनं पक्कं झालं की समुद्रातनं परतणारा सामन आपल्या जन्माचा ओढा त्या पाण्याच्या वासावरनं ओळखतो, नाक बंद केलं की रस्ता चुकतो. आपल्या भीमेत सामन नाही, पण माशाचं नाक काय ताकदीचं असतं ते यावरनं समजा.

दुसरं काम: तुमचा मासा चव कुठनं घेतो ते ठरवा

इथं जरा थांबून वाचा कारण बरेच जण एकच पीठ सगळ्या माशांना लावतात.

आपली चव जिभेवर आणि तोंडात. माशाची ओठावर, मिशीवर, टाळूवर, कल्ल्यांच्या आतल्या काट्यांवर, आणि शिंगटा-मागूर असल्या मिशीवाल्या माशांमधे तर सगळ्या अंगावर. अमेरिकेतला चॅनल कॅटफिश म्हणून जो मासा आहे त्याच्या अंगावरची चवीची केंद्रं मोजली तर लाखाच्या वर जातात, माणसाच्या तोंडात ती काही हजारच. जॉन बार्डाक आणि त्यांच्या सोबत्यांनी १९६७ साली दाखवलं की असल्या माशाचं नाक निकामी केलं तरी तो नुसत्या चवीवर अन्नापर्यंत पोचतो, डाव्या मिशीला जास्त लागतंय का उजव्या मिशीला असं बघत बघत वळतो. आपल्याला हे इमॅजिन करणं अवघडच आहे, खोलीत शिरल्या शिरल्या कोपराला आमटीची चव लागावी असला प्रकार.

जपानच्या समुद्रातला एक मिशीवाला मासा तर अजून पुढं गेलाय. रेतीत लपलेला किडा श्वास सोडतो त्यानं पाणी जरासं आंबट होतं, पीएच, म्हणजे आंबटपणा मोजायचा आकडा, ०.१ एवढाही घसरत नाही, आणि हा मासा तेवढ्यावर किडा हुडकतो. हे २०१४ मधे छापून आलंय, जॉन कॅप्रिओ यांच्या टीमचं काम.

आता आपले मासे. कटल्याला मिशी नसते, तोंड वर वळलेलं, तो वरच्या थरात पाणी गाळून बारीक जीव खातो, त्याला भुसभुशीत, पाण्यात ढग करणारं आमिष पाहिजे. रोहूचे ओठ झालरीसारखे असतात आणि त्यावर चव कळते, तो मधल्या थरातला. मृगळ आणि सायप्रिनस (कॉमन कार्प) तळाचे, सायप्रिनसला तोंडाशी दोन जोड्या मिशा, चिखलात तोंड खुपसून चाचपतो. चिलापी (तिलापिया), जी उजनीत आता काय सांगायची गरज नाही इतकी झालीय, ती शेवाळापासून गांडुळापर्यंत सगळं खाते, तिच्यासाठी डोकं खाजवू नका, गांडुळाचा छोटा तुकडा बास. मरळ बघून हल्ला करते, तिला हलणारं काहीतरी लागतं, तिच्यासाठी पीठ मळत बसणं म्हणजे वेळ घालवणं. आणि शिंगटा, वाम हे रात्रीचे गिऱ्हाईक, त्यांना कोंबडीचं काळीज, आतडी, गांडूळ. काळजातनं रक्त आणि रस सावकाश पाण्यात सुटत राहतो, तेच काम करतं.

उजनीचं पाणी उन्हाळ्यात हिरवंगार होतं हे करमाळ्याकडच्या बॅकवॉटरला गेलेल्या कुणालाही माहितीय, पुण्या-पिंपरीचं सांडपाणी भीमेतनं येतं आणि शेवाळाला खतच मिळतं. असल्या पाण्यात हातभरावरचं दिसत नाही. म्हणजे तिथं आमिषाचा रंग बघायला मासा नाहीच, लाल पिवळा कलर घालून काय उपयोग. नाक आणि चव यावरच सगळा खेळ.

तिसरं काम: पाण्यात काय उतरतं ते समजून घ्या

तेल पाण्यात विरघळत नाही. शेंगदाण्याचं तेल, बडीशेपेचं तेल, माशाचं तेल, गोळी मळताना थोडंसं घातलं की आपल्याला बाटलीभर वास, पण पाण्यात ते वर तरंगतं आणि वरच्या वाऱ्याबरोबर निघून जातं, तळाला बसलेल्या मृगळाला त्यातनं फार थोडं मिळतं. थंडीत तर तेल घट्ट होऊन गोळीला चिकटून बसतं. शिवाय तेलकट पिठातनं बाकीचा रससुद्धा बाहेर यायला वेळ लागतो. थोडंसं तेल चालेल, पण मुख्य माल तो नाही.

विरघळतं काय तर अमिनो आम्लं, मीठ, गूळ, आंबवणातनं तयार झालेली आंबट द्रव्यं. यातल्या अमिनो आम्लांवर नाक पण चालतं आणि जीभ पण. मिशीवाल्या माशांना अ‍ॅलॅनिन आणि आर्जिनिन जोरात कळतात, कार्प मंडळींना, म्हणजे सायप्रिनस आणि त्याचे भाऊबंद, ग्लुटामेट बऱ्यापैकी आवडतं. ग्लुटामेट म्हणजे आपलं चायनीजच्या गाड्यावरचं अजिनोमोटो! किराणा दुकानात पुडी मिळते, अर्धा किलो पिठाला पाव चमचा घाला, जास्त नको.

मग हे सगळं आपल्याकडं स्वस्तात कशात आहे? शेंगदाण्याच्या पेंडीत. सोलापुरात शेंगा काय कमी आहेत का, तेल काढून घेतलं की उरलेल्या पेंडीत प्रोटीनचा वाटा अजून वाढतो, आणि शेंगदाण्याच्या प्रोटीनमधे आर्जिनिन आणि ग्लुटामिक आम्ल दोन्ही भरपूर. फक्त पेंड बुरशी लागलेली घेऊ नका. पेंडीवरच्या बुरशीत विष तयार होतं, माशाला आणि तुम्हालाही वाईट, हिरवट डाग आणि कुबट वास दिसला की फेकून द्या. दुसरी गोष्ट सुकट, जवळा. समुद्रातल्या कोळंबीवर्गीय प्राण्यांच्या अंगात ग्लायसिन आणि बीटेन ही विरघळणारी द्रव्यं मुळातच जास्त असतात, सुकट नुसती पाण्यात उकळली की ती उतरतात. तिसरं गांडूळ, ते तर फुकटच.

बंगालकडचे लोक रोहूसाठी एकांगी (एक वासाचं मूळ), मेथी असलं बरंच काही घालतात, त्यांचा हात त्यात पिढ्यानपिढ्या बसलेला आहे. आपल्याकडच्या दुकानात मिळणारा स्ट्रॉबेरी एसेन्स मात्र मला पटत नाही. माशानं आयुष्यात स्ट्रॉबेरी बघितलीय का, आणि तो वास बनवलाय तो माणसाच्या नाकाला खुश करायला.

चौथं काम: पीठ मळणं

आता मुख्य काम. अर्ध्या किलोच्या आसपास आमिषाचं प्रमाण देतो, वजनकाटा नसेल तर अंदाजानं घ्या, काही आकाश कोसळत नाही.

आदल्या दिवशी संध्याकाळी मूठभर ज्वारी भिजत घाला. दुसऱ्या दिवशी ती मऊ शिजवा आणि त्याच पाण्यात झाकून अजून एक रात्र ठेवा, उन्हाळ्यात तर सकाळपर्यंत फेस येऊन आंबूस वास सुटतो, तेवढं पाहिजे. आंबवणात दाण्यातली साखर आणि प्रोटीन तुटून पाण्यात सुटणारं होतं, म्हणजे जे काम माशाच्या पोटात व्हायचं ते थोडं आधीच आपल्या पातेल्यात. सडका वास आला तर मात्र गेलं, टाकून द्या, आंबूस वेगळा आणि सडका वेगळा.

दुसऱ्या बाजूला सुकट ५० ग्रॅम, ती कोरडी भाजून मिक्सरला पूड करा (घरात कुणी नाही अशी वेळ बघा) आणि त्यातली अर्धी पूड दीड-दोन वाट्या पाण्यात पाच-सात मिनिटं उकळून घ्या. ते पाणी गाळू नका, गार होऊ द्या.

मग परातीत गव्हाचं पीठ २०० ग्रॅम, शेंगदाणा पेंडीची बारीक पूड २०० ग्रॅम, ज्वारीचं पीठ १०० ग्रॅम, उरलेली सुकटपूड, लिंबाएवढा गुळाचा खडा चिरून, चिमूटभर मीठ, ते अजिनोमोटो. गहू कशाला तर त्याच्यात चिकटपणा असतो, नुसत्या ज्वारीची गोळी पाण्यात पडल्या पडल्या सुटते. सुकटीच्या पाण्यानं घट्ट मळा, चपातीपेक्षा कडक, आणि ओल्या फडक्यात अर्धा तास ठेवा. हळद घालायची सवय असेल तर अगदी थोडी, कडवटपणा वाढला की मासा तोंडात घेतलेलं थुंकतो.

उन्हाळ्यात पाणी गरम असतं, गोळी लवकर विरघळते, म्हणून अजून घट्ट मळा आणि अर्ध्या गोळ्या उकळत्या पाण्यात मिनिटभर टाकून काढा, वर पातळ कातडी धरते. डिसेंबर-जानेवारीत उलटं, तेल बंद, पीठ जरा सैल, गोळी बारीक, कारण थंडीत मासा खातोच कमी.

आंबवलेली ज्वारी पिठात घालू नका, ती वेगळी ठेवा. ती फेकायचा चारा. गळाला लावलेली गोळी आणि फेकलेला चारा यांची कामं वेगळी आहेत, चारा मासा बोलावतो आणि गोळी त्याला पटली पाहिजे. बोलावणं वासाचं, पटणं चवीचं.

घरी टेस्ट केल्याशिवाय निघू नका

काचेच्या ग्लासात नळाचं पाणी घ्या, एक गोळी सोडा, हलवू नका. दहा-पंधरा मिनिटांत गोळीभोवती धुरकट ढग दिसला पाहिजे आणि अर्ध्या तासानं पण गोळी गोळीच राहिली पाहिजे. ढगच नाही तर पीठ जास्त घट्ट किंवा तेलकट. पाच मिनिटांत चिखल झाला तर गहू वाढवा. पाण्यावर तेलाचे गोल तरंगायला लागले तर समजायचं की तुमचा वास खाली पसरण्याऐवजी वर चाललाय.

घरात गोल्डफिश असेल तर अजून मजा आहे. गोल्डफिश कार्पचाच नातेवाईक, त्याचं नाक आणि टाळू तशाच घडणीची. मलमलच्या दोन छोट्या पुरचुंड्या करा, एकात साधा स्वच्छ खडा, दुसऱ्यात खडा आणि तुमच्या गोळीचा तुकडा, दोन्ही दोऱ्याला बांधून टाकीच्या दोन टोकांना सोडा. कापडामुळं दिसायला दोन्ही सारख्या, म्हणजे मासा कुणाकडं जातो ते वासानंच ठरणार. पाच मिनिटं बघा, मग जागा बदलून परत करा कारण मासे टाकीच्या एका कोपऱ्याला सवयीनं पण जातात. झालं की लगेच काढून घ्या, नाहीतर टाकीचं पाणी खराब होऊन पोरं रडतील.

हात

याकडं कुणी लक्ष देत नाही. कॅनडात १९५० च्या दशकात सामनवर प्रयोग झाले, माणसाचे हात किंवा अस्वलाचा पंजा धुतलेलं पाणी वरच्या अंगाला सोडलं की नदीतनं वर चढणारे मासे थबकायचे. त्यात कातडीतलं सेरीन नावाचं अमिनो आम्ल सापडलं. आपल्या रोहूला माणसाच्या हाताची तेवढीच भीती असेल असं मी म्हणत नाही, पण गाडीत पेट्रोल भरून, तंबाखू मळून, डासाचं मलम चोळून त्याच बोटांनी गोळी वळायची आणि मग मासा लागत नाही म्हणायचं हे काय बरोबर नाही. पाण्याशी पोचलात की काठाचीच माती हाताला चोळा, धुवा, मग पिशवी उघडा. मलम लावायचंच असेल तर शेजाऱ्याला तळहातानं लावायला सांगा, हसू नका, मी खरंच असं करतो.

चारा कुठं टाकायचा

आधी परवानगीचं, उजनी असो का हिप्परग्याचा एकरुख तलाव असो, मासेमारीचा ठेका असतो, मच्छीमार संस्थेच्या माणसाला विचारून बसा. सिद्धेश्वराच्या तळ्यात गळ टाकायचा प्रश्नच नाही, ते देवाचं आहे. पावसाळ्यात मासे अंड्यावर असतात तेव्हा सोडा त्यांना.

तलावाच्या पाण्यात वास आपोआप फार लांब जात नाही, पाणी हललं पाहिजे. नदीत सोपं, वरच्या अंगाला चारा टाका, खाली येतोच. तलावात वारा काम करतो. वरचं पाणी वाऱ्याबरोबर एका काठाला ढकललं जातं आणि तिथं साठलेलं पाणी खालनं उलट्या दिशेनं परत जातं. म्हणून ज्या काठावर वारा तुमच्या तोंडावर येतोय तिथं बसा, तळाशी टाकलेल्या चाऱ्याचा वास खालच्या परतीच्या पाण्यातनं आत तलावाकडं जाईल. तोंडावर वारा घेऊन तंगूस (गळाची दोरी) फेकायला त्रास होतो, शिसं थोडं जड लावा.

आंबवलेली ज्वारी काठावरच्या चिकट मातीत कालवून नारळाएवढे दोन-तीन गोळे करा, गळ जिथं टाकणार तिथंच टाका आणि मग तास-अर्धा तास काही करू नका, चहा प्या. नंतर थोडं थोडं, मुठीनं. एकदम पोतं रिकामं केलं की मासे येतात, पोटभर खातात आणि तुमची गोळी त्यातली एक होऊन पडून राहते.

कधी खेचायचं

हा सगळ्यात इंटरेस्टिंग भाग. कार्पवर्गातल्या माशाच्या टाळूला आतनं एक जाड मांसल गादी असते, तिच्यावर चवीची केंद्रं खच्चून भरलेली. मासा चिखल, खडे, दाणा सगळं एकदम ओढून घेतो, ती गादी जिथं खायचं लागेल तिथं फुगून दाणा दाबून धरते आणि बाकीचा कचरा बाहेर जातो. म्हणजे तोंडातल्या तोंडात निवडणं चालतं. खाण्यासारखं नसेल तर आमिष पण कचऱ्याबरोबर बाहेर, आणि हे सगळं क्षणात. दात घशात असतात, त्यामुळं चावणं हा प्रकार नंतरचा.

तरंगणारं बूच जरासं थरथरलं, बोटभर खाली गेलं आणि परत वर आलं, तर मासा गेला नाहीये, त्यानं चव घेऊन थुंकलंय. अशा वेळी जोरात झटका मारून काही मिळत नाही. गोळी बदला, लहान करा, आणि हुकाचं टोक पिठात पूर्ण गाडू नका, थोडं उघडं ठेवा, म्हणजे थुंकताना सुद्धा ओठात अडकायची शक्यता राहते. बूच आडवं सरकत चाललं किंवा खाली जाऊन परत येईना तेव्हा मनगटानं एकच आटोपशीर ओढ. शिंगटा वेगळा, तो अंगावर चव घेऊनच आलेला असतो, निर्णय आधीच झालाय, घेतो तो गिळतोच, तिथं मोजून दोन-तीन सेकंद थांबलं तरी चालतं, उलट लवकर खेचलात तर तोंडातनं सुटतो.

लागलेला मासा परत तिथंच सोडू नका

कार्ल फॉन फ्रिश, तेच मधमाश्यांच्या नाचाचे, ज्यांना १९७३ चं नोबेल मिळालं, त्यांनी १९३८ मधे एक गोष्ट लिहून ठेवलीय. मिनो नावाच्या छोट्या माशाची कातडी फाटली की तिच्यातनं एक द्रव्य पाण्यात सुटतं आणि त्याचा वास लागला की बाकीचा कळप पळून जातो. हा प्रकार मिनोपुरता नाही, कार्प आणि मिशीवाले मासे ज्या मोठ्या गटात येतात त्या गटात सर्रास दिसतो, म्हणजे रोहू, कटला, मृगळ, शिंगटा सगळे आले. म्हणून लहान मासा सोडायचा असेल, आणि लहान सोडावाच, तर पन्नास पावलं लांब जाऊन सोडा. खवलं काढणं, पोट साफ करणं तुमच्या चाऱ्याच्या जागी अजिबात नको. चिलापी त्या गटातली नाही, त्यामुळं चिलापीवर बसलेल्यांना याचा फारसा फरक जाणवत नाही आणि ते म्हणतात असलं काही नसतं.

उरलेली गोळी फ्रीजमधे दोन-तीन दिवस टिकते, दोन पिशव्यांत घालून घट्ट गाठ मारा, नाहीतर दही, दूध, श्रीखंड सगळ्याला सुकट लागते. जास्त दिवस ठेवायची असेल तर फ्रीझरमधे, एका वेळेला लागेल एवढ्या पुड्या करून, कारण एकदा वितळून परत गोठवलेलं पीठ काढल्यावर भसकन सुटतं. आणि पिशवीवर मोठ्या अक्षरात 'माशाचं' असं लिहा, आमच्याकडं पाहुण्यांनी एकदा ते शेंगाच्या पोळीचं सारण म्हणून बाहेर काढलं होतं.